भुंकणं थांबेस्तोवर

भुजंग ढगे उमरीच्या बसस्टँडवर उतरला की पहिलं कुत्रं भज्यांच्या गाड्यापासून उठायचं. दुसरं पानठेल्याखालून निघायचं. तिसरं कुठून यायचं देव जाणे, पण यायचं. तिथून गुरांच्या दवाखान्यापर्यंत दहा मिनिटांची वाट, आणि ती सगळी वाट ह्या एका माणसामागं असा कालवा, की नवख्याला वाटावं चोरच सापडला. बरं, कुत्री दुसऱ्या कुणाच्या वाटेला जात नव्हती. पोस्टमन जायचा, डोईवर गाठोडं घेतलेले भंगारवाले जायचे, त्यांच्याकडं मान वर करूनही बघत नव्हती. भुंकायचं ते भुजंगावर, आणि हे एकतीस वर्षं चाललं.

दुसऱ्या कुणाला लाज वाटली असती. ह्या गड्याला त्याचा तोरा. "ओळखतेत मला," असं तो चहाच्या टपरीवर सांगायचा, जसं काही कलेक्टरच ओळखतो.

कागदावर तो परिचर होता. खरं काम एकच, धरायचं. गोऱ्हे खच्ची करायचे असले की भुजंग धरणार, म्हशीच्या तोंडात नळी घालायची असली की भुजंग धरणार. त्याच्या काळात सात डॉक्टर बदलले, आणि सातही जणांनी आल्याबरोबर दुसऱ्या दिवशी विचारलं, भुजंग कुठाय. हाताला पकड अशी की दोन दाती गोऱ्हा कानाला धरून खाली बसवायचा. ढोराला काय होतंय, ते कुठं बघतंय, कशानं बिचकलंय, ह्याच्याशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. ढोर हललं नाही की काम झालं, बस.

पण कुत्र्याला खोडा नसतो. बैल चार खांबांत घालता येतो, कुत्रं निसटून जातं. पिसाळीच्या लशीची मोहीम निघाली तेव्हा बाकीचे तालुके हात हलवत बसले, आणि भुजंगानं युक्ती काढली. पाळलेलं कुत्रं जगात एकाच आवाजाला येतं, मालकाच्या. मग तोच आवाज वापरायचा. तो दारात जाऊन दोरीचा फास पाठीमागं लपवायचा आणि मालकाला म्हणायचा, "हाक मार की त्याला. भाकर दाखव." बाई हाक मारायची, लेकरू हाक मारायचं. कुत्रं शेपूट हलवत यायचं आणि फासात अडकायचं. मग गुडघा मानेवर, तोंडाला सुतळी, सुई, झालं. पुढचं घर. एका दिवसात चाळीस कुत्री केली म्हणून साहेबानं चारचौघांत पाठ थोपटली. त्या दिवशी भुजंग घरी आला तो जमिनीवर पाय न ठेवता.

तीन वर्षं असं चाललं. चौथ्या वर्षी गाडी गावात शिरली, मालकांनी हाका मारल्या आणि कुत्री उलट्या दिशेनं उसाकडं पळाली. स्वतःचं नाव ऐकलं की पळायची. लिंबाजी म्हणून एक म्हातारा शेतकरी होता, त्याच्या कुत्र्याच्या मानेत जखम होऊन किडे पडले. दवाखान्यात औषध होतं, डॉक्टर होता, सगळं होतं. कुत्रं मात्र हाकेला येईना. आठ दिवस लिंबाजी शेतात नाव घेत फिरला, आणि जितकं नाव घेतलं तितकं ते लांब गेलं. शेवटी मेलं तिकडंच. लिंबाजी दवाखान्यात आला, आणि सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाला, "भुजंगा, मपल्या कुत्र्याचं नाव खाल्लास तू."

"म्हातारं येडं झालंय," भुजंग मागाहून म्हणाला आणि हसला.

अशा माणसाच्या घरात कुत्रं कसं आलं, असं कुणी विचारील. ते त्यानं आणलं नाही. नोकरी संपली, विष्णुपुरीच्या बाजूला, इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागं तीन खोल्यांचं घर झालं, पोरी आपापल्या घरी गेल्या, आणि त्याची बायको सिंधु दिवसभर एकटी पडली. तिचं माहेर लातूर जिल्ह्यात, उदगीरकडं. भावानं, अमरनाथनं, कारवानी जातीचं पिल्लू दिलं. लांब पाय, निमुळतं तोंड, पोट पाठीला लागलेलं. सिंधुनं नाव ठेवलं ठमी. ठमी सिंधुची. ती पीठ मळायला बसली की ही परातीपाशी, ती देवाला दिवा लावायला गेली की ही उंबऱ्यावर. "ठमे" अशी हाक मारली की कुठूनही वाऱ्यासारखी यायची. आणि भुजंगाला बघितलं की गुरगुरायची, कारण त्याच्या हातापायाला, कपड्यांना काय वास मुरला होता कोण जाणे. तो म्हणायचा, सवय हाय मला.

दोन वर्षांखाली ठमी मागच्या पायानं लंगडायला लागली. भुजंग एकतीस वर्षं डॉक्टरांच्या शेजारी उभा होता, सात डॉक्टरांनी त्याच्यासमोर लोकांना सांगितलं होतं की जनावराला डाग देऊ नका. पण त्याच्या बापानं डाग दिले होते, आज्यानं दिले होते, आणि डॉक्टर काय, बदलून जातात. त्यानं विळा चुलीत घातला. सिंधुला म्हणाला, "हाक मार तिला, तेल लावतो पायाला." सिंधुनं हाक मारली. ठमी आली, सिंधुच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि ह्यानं वरून दाबून तिच्या खुब्यावर तापलेला विळा टेकवला.

पाय आठ-दहा दिवसांत बरा झाला. तो तसाही झाला असता. भुजंग मात्र गल्लीभर सांगत सुटला की डागानं झाला. त्या दिवसापासून दोन गोष्टी घडल्या. ठमीचं नाव घेतलं की ती पळून जायची, सिंधुनं घेतलं तरी. आणि सिंधु भुजंगाशी बोलायची बंद झाली. अगदीच अडलं तर भिंतीकडं तोंड करून बोलायची. "जेवायला वाढलंय म्हणावं." "दूधवाला येऊन गेला म्हणावं." कुणाला म्हणावं, ते भिंतीनं समजून घ्यायचं. कुत्रीला बोलवायचं असलं की ती परात दोन बोटांनी वाजवायची. नाव तिनं पुन्हा तोंडातून काढलं नाही.

घरात असा सन्नाटा असल्यावर माणूस बाहेर काम शोधणारच. शहरात लातूर रोडवर डॉक्टर मनिषा सोनकांबळे ह्यांनी कुत्र्यामांजरांचा दवाखाना टाकला होता. बिलोलीची पोरगी, वय तिशीच्या आतबाहेर. भुजंग गेला, एकतीस वर्षांचं सांगितलं, आणि तिनं ठेवून घेतलं. पहिल्याच दिवशी त्याचं डोकं फिरलं. कुत्रं आलं की ही बाई खाली चटईवर बसायची. कुत्र्याकडं बघायचीसुद्धा नाही. मालकाशी गप्पा. झोपतं कुठं, जिना चढतं का, पहिल्यासारखं खेळतं का, कुणावर चिडतं, कधीपासून. दहा-पंधरा मिनिटं जायची. तोवर कुत्रं आपणच तिचा हात हुंगत जवळ यायचं.

"डॉक्टर हाय का पाहुणी," भुजंग बाहेरच्या मेडिकलवाल्याला म्हणाला. "कुत्र्याची सोयरीक जुळवून राहिली."

तिसऱ्या दिवशी कॉलेजातल्या एका मास्तरांचं लॅब्रॅडोर आलं. कान दुखत होता, हात लावू देईना. डॉक्टर म्हणाली, आज राहू द्या, आज नुसतं आत येऊ दे, बिस्कीट खाऊन जाऊ दे, दुखणं कमी करायची गोळी देते, उद्या बघू. भुजंगाला हे सोसलं नाही. एवढं धडधाकट माणूस शेजारी उभं असताना उद्या कशाला? तो मास्तरांना हळूच म्हणाला, "साहेब, हाक मारा त्याला." मास्तरांनी मारली. कुत्रं वळलं आणि दुसऱ्या क्षणी भुजंगाच्या गुडघ्याखाली होतं, तोंडाला पट्टी, चारही पाय आवळलेले. कुत्र्यानं तिथंच मुतून दिलं.

"घ्या बघून," भुजंग म्हणाला.

डॉक्टरनं कान बघितला नाही. पट्टी सोडली, कुत्र्याला बाहेर जाऊ दिलं, फरशी स्वतः पुसली आणि मग म्हणाली, "मामा, उद्यापासून येऊ नका."

"काहून? धरून दिलं की तुमाला."

"ते कुत्रं आता ह्या दारातून कधी आत यायचं नाही. कान सडला तरी. मालक ओढत आणतील, ते चावेल, मग मालक आणायचंच सोडतील." तिनं हात धुतले. "एकतीस वर्षांत एक तरी कुत्रं आपल्या पायानं तुमच्याजवळ आलं का, मामा?"

कालची पोरगी असं बोलली. भुजंग महिनाभर तिला शिव्या देत होता, आणि ऐकायला कुणी नव्हतं म्हणून घरी येऊन ठमीकडं बघून देत होता.

ह्या चैत्रात ठमी पाणी लई पिऊ लागली. सकाळी भरलेलं घमेलं दुपारी रिकामं. स्वयंपाकघरात मुतायला लागली, जे तिनं पिल्लूपणीसुद्धा केलं नव्हतं. भाकरी हुंगायची आणि सोडून द्यायची. भुजंगाचं निदान तयार होतं. ऊन हाय, पाणी पिणारच. मुतून राहिली ते मुद्दाम, माजली हाय, बायकोनं डोक्यावर चढवून ठेवलीय. दारात आडवी पडली होती तेव्हा त्यानं पायानं बाजूला सारली, तर ती खोल, पोटातून गुरगुरली. आता बघा, जन्मभर ज्याच्यावर कुत्रीच गुरगुरली त्याला एका गुरगुरण्यानं काय वाटणार? त्याला काही वाटलं नाही. नेहमीचंच, म्हणून तो चहा प्यायला गेला. एकतीस वर्षं ढोरांच्या दवाखान्यात काढलेल्या माणसाची ही अक्कल.

दोन दिवसांनी ती सिंधुवर गुरगुरली. सिंधुचा हात तिच्या पोटाला लागला होता. गुरगुरली आणि लगेच तोच हात चाटायला लागली. सिंधु उठली, पदर नीट केला, आणि भिंतीलासुद्धा न सांगता लातूर रोडला त्या डॉक्टरणीकडं गेली.

"माजावर कधी आली होती?" डॉक्टरनं सगळं ऐकून विचारलं.

"दीड महिन्याखाली."

"पोट फुगल्यासारखं वाटतंय?"

"हाव. मला वाटलं वाताचं."

"ताई, गर्भपिशवीत पू झाला असणार. सोनोग्राफी केल्यावर पक्कं कळेल, पण लक्षणं तीच आहेत. आजच घेऊन या. उद्यावर टाकू नका, पिशवी आत फुटली तर ती हाताला लागणार नाही."

सिंधु रिक्षानं परत आली. दारात तिनं भिंतीकडं बघून सांगितलं, आणि भुजंगाच्या कानात एवढंच शिरलं की कुत्री दवाखान्यात न्यायची हाय, म्हणजे धरायची हाय. म्हणजे त्याचं काम. इतक्या वर्षांनी घराला त्याची गरज पडली होती. त्यानं कोनाड्यातून दोरी काढली, फास केला आणि पाठीमागं लपवला. ठमीनं ती दोरी बघितली की तिचा वास घेतला, कोण जाणे. सिंधु उंबऱ्याच्या आत येईपर्यंत ती मागच्या भिंतीवरून शेजारच्या अर्धवट बांधकामावर गेली होती.

तिथं सेंट्रिंगच्या फळ्यांची रास पडली होती. त्या राशीखाली हातभर उंचीची पोकळी, त्यात ठमी. दहा वाजल्यापासून दोन वाजेपर्यंत भुजंगानं काय काय केलं ते विचारू नका. काठीनं ढोसलं, पाणी मारलं, फळ्या ओढल्या. शेवटी पोटावर सरपटत आत गेला आणि तिनं त्याचं मनगट फोडलं. तो बाहेर आला तेव्हा हाताला रक्त होतं आणि ती आणखी आत, भिंतीला लागून बसली होती.

"हाक मार तिला," तो सिंधुला म्हणाला.

सिंधुनं त्याच्याकडं बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच सरळ तोंडाकडं बघितलं. "तुमी ठेवलाव का हाक मारायला काही?"

फळ्यांखालून धाप लागल्याचा आवाज येत होता, आणि ती धाप लहान होत चालली होती. भुजंगाला पहिल्यांदा भीती वाटली. ही कुत्री आता मरणार, पाच हातांवर मरणार, आणि आपल्याला काढता येणार नाही. ज्या हातांवर एवढी घमेंड केली ते हात इथं काही कामाचे नव्हते. त्याच हातानं त्यानं डॉक्टरला फोन लावला.

डॉक्टर चारच्या सुमाराला आली. पेटी नाही, पांढरा कोट नाही. गाडीपाशीच हात साबणानं धुऊन आली होती. भुजंगाचं मनगट बघून म्हणाली, "पंधरा मिनिटं साबण लावून नळाखाली धरा. आणि आजच सरकारी दवाखान्यात जाऊन सुई घ्या, लस दिलेली कुत्री असली तरी." मग फळ्यांपासून लांब, सिंधुच्या शेजारी मातीत बसली. बसून नुसतं ऐकत होती.

"मामा, तुम्ही इथून जा," ती म्हणाली.

"कुठं जाऊ?"

"तिला कळलं पाहिजे की तुम्ही नाहीत. तोवर ती निघत नाही."

मपल्या घराच्या मागून मलाच हाकलून राहिली, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. फळ्यांखाली धाप लागली होती म्हणून त्यानं ते गिळलं. हात धुतला, रुमाल बांधला, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. कोपऱ्यावरची तीन कुत्री उठली आणि भुंकायला लागली. पाच मिनिटांत फोन वाजला.

"मामा, कुठं आहात?"

"कोपऱ्यावर. गेलो की मी."

"तिथली कुत्री भुंकतायत ते तिला ऐकू येतंय. एकदा तोंड बाहेर काढलं होतं, कान तिकडं वळले आणि पुन्हा आत गेली. तुम्ही कुठं आहात ते ती कुत्री तिला सांगतायत. आणखी लांब जा. भुंकणं थांबेस्तोवर जा."

तो निघाला. पहिल्या गल्लीच्या कुत्र्यांनी सोडलं तर दुसऱ्या गल्लीच्यांनी घेतलं. किराणा दुकानापाशी दोन, मंदिराच्या पारावर चार. कॉलेजच्या फाटकावर पोरं चहा पीत होती, त्यांच्या पायात एक लाडावलेलं कुत्रं झोपलं होतं. तेसुद्धा उठलं आणि भुंकलं, आणि पोरं ह्याच्याकडं बघायला लागली. मनगट ठणकत होतं. एकतीस वर्षं हे भुंकणं त्यानं ओळख म्हणून ऐकलं होतं. आज त्याला त्यातलं बोलणं ऐकू येत होतं. हा आलाय. हा इथं हाय. लेकरांनो, आत जा. उमरीच्या बसस्टँडपासून दवाखान्यापर्यंत कुत्री रोज हेच एकमेकांना सांगत होती, आणि हा त्यावर मिशीला पीळ देत चालत होता. त्याला लाज वाटली. साठी उलटल्यावर, भर रस्त्यात, कुत्र्यांपुढं लाज वाटली. तो भराभरा चालत राहिला.

धरणाच्या अलीकडं, पाण्याच्या बाजूला जिथं वस्ती संपते, तिथं एकही कुत्रं नव्हतं. एका दगडावर बसला. गोदावरीचं पाणी उन्हात नुसतं पडून होतं. कसलाच आवाज नव्हता, आणि त्या शांततेत त्याला कळेना की आता आपण करायचं काय. धरायला काही नव्हतं. इतका वेळ हात मोकळे ठेवून तो जन्मात कधी बसला नव्हता. फोन हातात घेऊन तो अर्धा तास त्याकडं बघत बसला, तेव्हा कुठं तो वाजला.

"आली," डॉक्टर म्हणाली.

"कशी धरलीत?"

"धरायला लागलीच नाही. सिंधुताई फळ्यांकडं पाठ करून बसल्या होत्या, परात वाजवत. बराच वेळ वाजवली. येऊन मांडीवर पडली."

तो सरकारी दवाखान्यात जाऊन, सुई घेऊन लातूर रोडला पोचला तेव्हा आत तयारी चालली होती. तो काचेबाहेरच थांबला. ठमी टेबलावर सिंधुच्या दंडावर मान टाकून पडली होती. डॉक्टरनं कागद भरताना कुत्रीचं नाव विचारलं. सिंधुनं ठमीकडं बघितलं, मग डॉक्टरच्या कानाशी तोंड नेलं आणि हात आडवा धरून सांगितलं. ते बघून भुजंग काचेपासून बाजूला झाला.

पिशवी निघाली ती दीड किलोची, पुवानं टम्म. उद्यापर्यंत फुटलीच असती, असं डॉक्टर म्हणाली. ठमी शुद्धीवर आल्यावर सिंधु बाहेर आली. भिंत मध्ये न घेता ती भुजंगाशी बोलली, "दहा दिवस घरी येऊ नका."

"मपलं घर हाय ते."

"हाय की. पण तुमी खोकलात तरी ती उठून पळती. टाके तुटले तर पोट उघडं पडंल. कपडे पिशवीत घालून फाटकाला अडकवून ठेवते."

भांडायला त्याच्याजवळ हजार शब्द होते. एकही कामाचा नव्हता. तो उमरीला पुतण्याकडं गेला. बसस्टँडवर जुनी कुत्री बहुतेक मेली होती, तरी एक म्हातारं, डोळे पांढरे झालेलं, भज्यांच्या गाड्यापासून उठलं आणि बसल्या आवाजात भुंकलं. तो थांबला. पुढं न जाता त्यानं रस्ता बदलला.

चौथ्या दिवशी बाजारात लिंबाजी भेटला. वाकलेला, हातात काठी, पायाशी एक तांबडं कुत्रं. भुजंगाला बघून कुत्रं मालकाच्या पायामागं गेलं. काहीतरी बोलायचं म्हणून भुजंगानं विचारलं, "नाव काय ह्याचं?"

"ठेवलं न्हाई," लिंबाजी म्हणाला. "त्याच्या आधी एक होतं, त्याचंबी ठेवलं न्हाई. कशाला ठेवू?" आणि म्हातारा काठी टेकत निघून गेला. कुत्रं हाकेशिवाय त्याच्यामागं गेलं.

भुजंगाला त्याला थांबवायचं होतं. पण माफ कर म्हणायची सवय नसते अशा माणसांना, जिभेला तो शब्दच लागलेला नसतो. तो त्या गर्दीत कांद्याच्या ढिगापाशी उभा राहिला, आणि मागून कुणीतरी सरक म्हणाल्यावर सरकला.

अकराव्या दिवशी टाके निघाल्याचं डॉक्टरनं कळवलं. तो घरी आला. गल्लीच्या कुत्र्यांनी वर्दी दिलीच होती. ठमी ओसरीवर होती, उठून उभी, पोटावरचे केस भादरलेले, टाक्यांची लाल रेघ. त्याला बघून ती गुरगुरली.

तो फाटकाशीच थांबला. हे गुरगुरणं घशातलं होतं, वरचं, दात दाखवून केलेलं. त्या दिवशी दारात पायानं सारली तेव्हाचं पोटातून आलं होतं, तोंड मिटलेलं होतं आणि डोळे त्याच्याकडं नव्हतेच. आत्ता दोन्ही त्याला शेजारी शेजारी ठेवून ऐकू येत होती.

"आता दुखत न्हाई तिला," तो म्हणाला.

सिंधु दारात आली होती. "कशावरून?"

"हे मपल्यासाठीचं हाय. ते तवाचं दुखण्याचं होतं."

"मग तवा कळलं न्हाई का?"

तो आत न जाता बाहेरच्या पायरीवर ओसरीकडं पाठ करून बसला. डॉक्टरला चटईवर तसं बसलेलं त्यानं बघितलं होतं, आणि हसला होता. मागं गुरगुरणं चालू होतं. ते थांबलं नाही. थोड्या वेळानं सिंधुनं चहाचा कप त्याच्या बाजूला पायरीवर ठेवला, आणि कुत्रीला आत बोलवायला तोंड उघडलं. नाव ओठापर्यंत आलं असावं. ती तशीच थबकली, तोंड मिटलं, आत गेली.

आतून परातीवर दोन बोटं वाजल्याचा आवाज आला. ठमी गेली. भुजंग चहा तसाच ठेवून ऐकत राहिला.